साडेअठरा फुटांतला केदार

रविवारी सकाळी सव्वासहाला कोणी बेल वाजवली की माझं डोकं फिरतं. त्या रविवारीही फिरलं. दार उघडलं तर समोर पाटणकरांचा थोरला मुलगा, केदार. अंगात घामाने भिजलेला टी-शर्ट, दोन्ही पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे बूट, आणि चेहऱ्यावर मात्र सत्यनारायणाचं बोलावणं करायला आल्यासारखा सोज्वळ भाव.

"काकू, सॉरी यार, उठवलं का? एक छोटं काम होतं. तुमच्या बाल्कनीत एखादी ओढणी वाळत टाकाल? हलकी हवी. शिफॉन असेल तर बेस्ट."

दिल्लीत वाढलेली मराठी मुलं काकूलाही यार म्हणतात. त्यात अनादर नसतो, हे मला इथे तीस वर्षं काढल्यावर कळलेलं आहे. ओढणीचं काही कळेना. मी एका सरकारी खात्यात तक्रारींचे अर्ज वाचण्यात नोकरी घालवलेली बाई, विचित्र मागण्यांचं मला वावडं नाही. पण कारण कळल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नाही.

"ओढणी कशाला?"

"हवा बघायला," तो म्हणाला. "आम्ही मागच्या ग्राउंडवर किक मारतो ना, तो बॉल जिथे सगळ्यात वर जातो, ती बरोबर तुमच्या बाल्कनीची हाइट आहे. खाली मी गवत उडवून बघतो. पण वरची हवा वेगळी असते. बिल्कुल वेगळी."

मी पेटीतून माझी एक जुनी जांभळी ओढणी काढली आणि दोरीवर टाकली. त्यानंतर पाच वर्षं, दर रविवारी, ती तिथे लटकत होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला विचारलंही, की तुम्ही एकच कपडा कितीदा धुता.

आमची सोसायटी द्वारकेत, विमानतळाच्या अंगाला. मागे एक सरकारी मोकळी जागा आहे, तिथे कधीतरी काहीतरी होणार असं आम्ही राहायला आल्यापासून ऐकतोय. त्या जागेत पाटणकरांनी मुलांसाठी पांढऱ्या पाइपांचे दोन उंच खांब आणि मध्ये एक आडवी दांडी उभी केली होती. पाटणकर मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. रोज सकाळी कंपनीच्या बसने जायचे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तूंतली केसभर चूक शोधायचे. हे खांब त्यांनी स्वतः मोजून ठोकले. दोन खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट, दांडीची उंची दहा फूट. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं, मग धाकट्याला टेप धरायला लावून तिसऱ्यांदा मोजलं. आमचे सेक्रेटरी चोप्राजी दुसऱ्या दिवशी गच्चीवरून ओरडले, "ये इतना बड़ा एच किसने गाड़ दिया?" आठवड्याभरात लोकांनी दांडीवर रजया वाळत घालायला सुरुवात केली. केदार रोज सकाळी त्या रजया उतरवायचा, नीट घड्या करून कडेला ठेवायचा, आणि खेळून झाल्यावर होत्या तशा परत टाकायचा. ज्यांच्या रजया होत्या त्यांना हे कधी कळलंही नसेल.

खेळ कुठला, हे विचारायला मी त्याला एकदा चहाला बोलावलं. "रग्बी का रे?"

"नाही काकू. रग्बीचा चुलतभाऊ. अमेरिकन फुटबॉल."

त्याने माझ्या ओट्यावरचा नारळ उचलला, शेंडी वर करून उभा धरला आणि शेंडीवर एक बोट ठेवलं. "बॉल असा, नारळासारखा लांबट. बावीस दांडगे लोक एकमेकांवर आपटत असतात. मध्येच एक हडकुळा मुलगा आत बोलावतात. त्याने फक्त एक किक मारायची. खांबांच्या मधून, दांडीच्या वरून. मारली की परत जाऊन बाकावर बसायचं. तो हडकुळा म्हणजे किकर."

"आणि हा नारळ धरून बसलेला?"

"तो होल्डर. गुडघ्यावर बसतो, मागून फेकलेला बॉल झेलतो, सेकंदात उभा करतो आणि एका बोटाने धरून ठेवतो. त्याचं नाव कोणाला माहीत नसतं."

हे त्यांच्या आयुष्यात आलं कसं, तर अगदी अपघाताने. दोघे भाऊ आपला साधा फुटबॉल खेळायला गुरुग्रामला एका शाळेच्या मैदानावर जायचे. शेजारच्या मैदानावर ऑफिसांतली मोठमोठी माणसं शनिवार-रविवारी हेल्मेटं घालून हा खेळ खेळत. एकदा त्यांचा बॉल घरंगळत केदारच्या पायाशी आला. त्याने तो परत द्यायचा म्हणून लाथ मारली, तर बॉल त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून जाऊन पलीकडच्या पार्किंगमध्ये पडला. त्यांचा दाढीवाला कॅप्टन चालत आला आणि म्हणाला, "भाई, एक बार फिर से मार." केदार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. धाकटा निनाद सोळाचा. घरी येताना दोघांच्या पिशवीत एक उसना लांबट बॉल होता.

केदारच्या खोडी सांगायला बसले तर संपणार नाहीत. त्याचे ते वेगवेगळे बूट म्हणजे डावा मापाचा आणि उजवा एक नंबर लहान, कारण मारायच्या पायाला बूट घट्ट हवा. तो कुठेही उभा असला की तीन पावलं मागे आणि दोन डावीकडे जायचा. लिफ्टसमोर, मेट्रोच्या फलाटावर, एकदा तर माझ्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात बुफेच्या रांगेत. मागची बाई दचकून म्हणाली, "अहो, पुढे जायचंय की नाही तुम्हाला?" तो म्हणाला, "हो, हो, मोजत होतो." बाईंनी दही-भल्ल्यांकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

आणि त्याचं एक वाक्य होतं. "झालं ते झालं, पुढचं बोला." किकरला म्हणे हे शिकावंच लागतं, चुकलेली किक डोक्यात ठेवली की पुढचीही चुकते. पण हा ते सगळीकडे लावायचा. आईची पोळी करपली, झालं ते झालं. परीक्षेत विषय राहिला, पुढचं बोला. सुनीता, म्हणजे त्याची आई, शाळेत शिकवते. ती चिडून म्हणायची, "अरे, जरा वाईट तर वाटून घे." तो खरंच विचारात पडायचा, जणू वाईट वाटून घ्यायला वेळ कुठून काढायचा हे बघतोय.

भाऊ दोन आणि दोघेही किकर, पण संघाला लागतो एक. म्हणून त्या कॅप्टनने एका रविवारी दोघांची परीक्षा ठेवली. मला कुतूहल गप्प बसू देईना, मी पाटणकरांच्या गाडीत बसून गुरुग्रामला गेले. दहा किक केदारने मारायच्या, बॉल निनादने धरायचा. मग दहा निनादने मारायच्या, केदारने धरायचा.

केदारच्या दहातल्या चार गेल्या. निनादच्या नऊ.

कॅप्टन म्हणाला, "छोटा पक्का. बड़ा होल्ड करेगा, हाथ अच्छे हैं इसके."

केदार म्हणाला, "ठीक है." येताना गाडीत तो निनादला त्याच्या नवव्या किकबद्दल काहीतरी समजावत होता. निनाद मात्र खिडकीबाहेर बघत होता. नऊ मारून आलेल्या मुलाचा चेहरा असा पडलेला का, ते मला समजेना.

मला समजेना असं आणखी एक होतं. मी दर रविवारी माझ्या बाल्कनीतून बघायची. निनाद झोपेतून उठायच्या आधी केदार एकटा खाली जायचा, एका छोट्या लोखंडी घोडीवर बॉल उभा करायचा आणि मारायचा. मी चहा पिता पिता मोजायची, मला कसलीही मोजदाद आवडते. दहातल्या नऊ तर सहज जायच्या, कधीकधी दहाच्या दहा. मग माणसाने धरला की चार कशा? दिसतं तेवढंच अर्जात नसतं, हे मला नोकरीत कळलेलं. एकदा जिन्यात त्याला गाठून विचारलंच. तो म्हणाला, "काकू, त्या दिवशी हवा खराब होती." मला माहीत होतं, त्या दिवशी पान हलत नव्हतं.

पुढची दोन वर्षं निनाद त्या संघाचा किकर होता आणि केदार त्याच्यासाठी गुडघ्यावर बसायचा. मग निनादचा व्हिडिओ बनवला, तोही केदारनेच. अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजच्या कोचने तो बघितला आणि निनादला शिष्यवृत्तीसकट बोलावलं. सुनीताने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मी तो व्हिडिओ फोनवर चारदा पाहिला. त्यात निनाद धावत येतो, किक मारतो, बॉल जातो. केदार प्रत्येक किकमध्ये आहे, पण दिसतं ते फक्त एक हेल्मेट आणि एक बोट. ते बोट बॉल उडाल्यावरही क्षणभर तिथेच हवेत राहतं.

निनाद गेला आणि इकडे केदारचं सगळं विस्कटलं. दाढीवाल्या कॅप्टनची बंगळुरूला बदली झाली, संघ पांगला, मैदानावर पिकलबॉलची कोर्टं झाली. केदार गुरुग्रामच्या एका ऑफिसात लागला, कॅबने जायचा-यायचा. पण सकाळचा सराव सोडला नाही. तेव्हा कुठे त्याने मला खरं काय ते सांगितलं. त्यालाही खेळायचं होतं. कुठेही, कुठल्याही देशात, कोणत्याही फालतू संघात, पण किकर म्हणून. युरोपातले छोटे क्लब बाहेरून एखाददुसरा खेळाडू घेतात. पण चोवीस-पंचविशीच्या आत पहिला संघ मिळाला नाही तर नंतर कोणी ढुंकून बघत नाही. त्याने सात-आठ क्लबांना व्हिडिओ पाठवले होते. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी एकच सांगितलं, घोडीवरच्या किकला आम्ही काय करू, माणसाने धरलेला बॉल मारून दाखव.

आणि त्याच्याकडे माणूसच नव्हता. पाटणकरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना खाली बसता येईना. सोसायटीच्या गार्डने दोन सकाळी प्रयत्न केला आणि तिसऱ्या सकाळी ड्यूटी बदलून घेतली. शेवटी मीच म्हणाले, "मी बसते."

"तुम्ही, काकू?"

"का, मला बोट नाही?"

एकोणसाठाव्या वर्षी, सलवार-कमीज घालून, गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन मी त्या पाइपांसमोर बसले. गच्चीवर चोप्राजी आपला व्यायाम थांबवून बघत होते, बघू देत म्हटलं. केदारने बॉल कसा तिरका धरायचा, शिवण कुठल्या बाजूला ठेवायची, सगळं दाखवलं. "फक्त बोट काढायचं नाही, काकू. बॉल माझ्या पायाने जाईल. तुम्ही काहीच करायचं नाही."

काहीच करायचं नाही हे इतकं अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. तो धावत आला. माणूस नाही, फक्त एक पाय येताना दिसतो, आणि तो थेट आपल्या हातावर येतोय असंच वाटतं. माझं बोट आपोआप वर आलं आणि डोळे मिटले. बॉल कलंडला आणि भलत्याच दिशेने कुंपणावर आपटला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. पाचव्यांदा मी बोट काढणार नाही असं स्वतःला बजावून बसले, आणि पाचव्यांदाही काढलं. केदार एकदाही चिडला नाही. बॉल आणायचा, परत ठेवायचा.

सहाव्यांदा बॉल ठेवताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तशीच गुडघ्यावर बसून त्याला विचारलं, "केदार, निनादचंही असंच व्हायचं का रे?"

तो बॉलकडे बघत राहिला.

"म्हणजे त्या दिवशी चार गेल्या, त्या तुझ्यामुळे नाही. तो बोट काढत होता."

"लहान होता, काकू."

"सोळा वर्षांचा घोडा होता. आणि तू बोलला का नाहीस कोणाला? कॅप्टनला, बाबांना?"

मग तो माझ्याशेजारी गवतात बसला आणि त्याने मला ती लिफ्टची गोष्ट सांगितली. ती इथे सांगायला हवी. उसना बॉल घरी आला त्याच महिन्यात निनादचं उजव्या हाताचं बोट मोडलं होतं. आमच्या लिफ्टच्या दारात सापडलं, असं सगळ्या सोसायटीला माहीत होतं. पाटणकरांनी तेव्हा कमिटीला तीन पानी तक्रार लिहिली होती, दार बंद व्हायला किती सेकंद लागतात त्याच्या तक्त्यासकट. तेव्हा कमिटीवर मीही होते, ती मी स्वतः वाचून पास केली होती. उभ्या नोकरीत इतका सुरेख अर्ज मी पाहिला नाही. त्या अर्जामुळे दोन्ही लिफ्टची दारं बदलली.

"लिफ्ट नव्हती, काकू," केदार म्हणाला. "मी होतो. नवीन होतो, पाय कुठे जातो कळत नव्हतं. बॉलऐवजी त्याच्या हाताला बसली. त्यानेच सांगितलं की घरी लिफ्ट सांगू, नाहीतर बाबा खेळ बंद करतील. प्लास्टर निघाल्यावर तो परत धरायला बसला, स्वतःहून. पण मी धावलो की त्याचं बोट सुटायचं. त्याला कळायचं आणि त्याला रडू यायचं. आता मी कॅप्टनला काय सांगू? की माझ्या भावाला माझ्या पायाची भीती वाटते?"

मला त्याचा रागही आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. यातलं मी काहीच केलं नाही. उशी उचलली आणि म्हटलं, "चल, अजून चार मार."

त्या चारांतलीही एक गेली नाही.

पुढच्या मे महिन्यात निनाद सुट्टीवर आला. दोन वर्षांनी येत होता. अंगाने भरलेला, मराठी बोलताना मध्ये मध्ये अडखळणारा. सुनीताच्या फोनमध्ये त्याचे गणवेशातले फोटो होतेच, ते तिने आल्यागेल्याला दाखवून झालेले. केदारने त्याला काही विचारलं नाही, मागितलं नाही. पण निनाद आल्यावर चौथ्या दिवशी, लू, म्हणजे इथली उन्हाळ्यातली झळांची हवा, सुरू व्हायच्या आत, पहाटे साडेपाचला दोघे खाली उतरले, आणि व्हिडिओ काढायला मी. उन्हं अजून इमारतींच्या मागेच होती.

केदार सवयीने बॉल घेऊन गुडघ्यावर बसायला गेला. निनादने त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. "तू मार," तो म्हणाला आणि खाली बसला.

मी फोन धरला. केदार तीन पावलं मागे गेला, दोन डावीकडे. त्याला चिंता वाटत होती हे मला दिसत होतं. तो धावला, जरा हातचं राखूनच. बॉल गेला, बरोबर मधून. निनादचं बोट हललं नव्हतं. पुन्हा मारली. बोट जागच्या जागी. तिसरी, चौथी, पाचवी. आता केदार पूर्ण जोर लावत होता आणि निनाद बॉल ठेवतोय, फिरवतोय, धरतोय ते इतक्या सफाईने की मी फोनमधून नजर काढून नुसती त्याच्या हातांकडेच बघायला लागले. दहापैकी दहा गेल्या. मला हुंदका फुटला. व्हिडिओत तो ऐकूही येतो.

केदार मात्र हसत नव्हता. तो निनादसमोर येऊन उभा राहिला.

"किती दिवस धरतोयस?"

निनाद बॉलवरची माती पुसायला लागला.

"निन्या, हे असं दोन आठवड्यांत येत नाही. मला माहीत आहे ना. किती दिवस?"

"दोन वर्षं," निनाद म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. त्यांचा किकर माझ्यापेक्षा खूप भारी आहे, दादा. मी एकाही मॅचमध्ये एकसुद्धा किक मारलेली नाही. कोच म्हणाला होल्डर पाहिजे, येतं का. मी हो म्हटलं. तू धरायचास तसं आठवून आठवून धरलं. पहिले दोन महिने रोज भीती वाटायची. मग गेली." थोडं थांबून तो म्हणाला, "आईने पेढे वाटले होते. कसं सांगणार?"

केदार वळला आणि बॉल गोळा करायला निघून गेला. एकूण चारच बॉल होते, पण त्याला बराच वेळ लागला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि आवाज नेहमीसारखा. "मी नाही सांगणार कोणाला," तो म्हणाला. "पण तू सांग. बाबांना आधी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, ह्याचा आवाज काढून टाकावा लागेल यार."

निनादने त्याच संध्याकाळी सांगितलं, बोटाचंही आणि होल्डरचंही. मी तिथे नव्हते, पण सुनीताकडून मला शब्दन् शब्द कळला. लिफ्टची गोष्ट ऐकून पाटणकरांनी कपाटातून त्या अर्जाची प्रत काढली आणि पुन्हा वाचली. अर्ज चुकीचा निघाल्याचं त्यांना फार लागलं असावं. मग त्यांनी विचारलं, "दोन वर्षांत बॉल हातून किती वेळा सुटला?"

"मॅचमध्ये? एकदाही नाही, बाबा."

"एकदाही नाही," पाटणकर म्हणाले. "आमच्याकडे अशा माणसाचा फोटो गेटवर लावतात." आणि ते आत जाऊन झोपले.

तो व्हिडिओ जर्मनीतल्या एका छोट्या गावाच्या क्लबला गेला. केदारला तेवीस पूर्ण झाली होती. उत्तर यायला सहा आठवडे लागले आणि त्या सहा आठवड्यांत मी जिन्यात त्याच्या समोर जायचं टाळत होते, कारण माझ्या तोंडून प्रश्न निघालाच असता. शेवटी तोच आला. पुढच्या मार्चपासून या, म्हणाले होते. राहायला खोली, तिकीट, आणि संध्याकाळी भाषेचा वर्ग. सुनीताने चांगल्या नोकरीवर लाथ मारतोस म्हणून दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिला आपणच काय बोललो ते लक्षात आलं आणि ती हसत सुटली, मग रडली, मग लाडू करायला बसली.

तो गेल्यानंतरच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिघं पाटणकरांच्या टीव्हीसमोर बसलो. त्या क्लबचा सामना इंटरनेटवर दिसत होता. एकच कॅमेरा, तोही हलणारा. गवत हिरवंगार, कडेला लाकडी बाकांवर शे-दोनशे माणसं. आपलं पोर ओळखायलाच आम्हाला दहा मिनिटं लागली. बाकीच्यांच्या मानाने तो अगदीच बारका दिसत होता.

पहिल्यांदा त्याला बोलावलं तेव्हा सुनीताने माझा हात धरला. त्याने मारली आणि बॉल खांबाच्या बाहेरून गेला. पाटणकर हळूच म्हणाले, "दोन फूट." केदार मान खाली न घालता परत गेला आणि बाकावर बसला. मला वाटलं, संपलं. इतक्या लांब जाऊन पहिलीच चुकली. सुनीताने विचारलं, "आता परत देतील का त्याला?" आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

दिली. अगदी शेवटी, घड्याळात काही सेकंद उरलेले असताना, आणि त्यांचा संघ दोन गुणांनी मागे असताना. अशी एक किक गेली की तीन गुण मिळतात, एवढं एव्हाना मलाही पाठ होतं. तो चालत आत आला. एक लाल केसांचा पोरगा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. बॉल आला, उभा राहिला, केदार धावला. कॅमेरा बॉलच्या मागे जाताना हलला आणि आम्हाला काही दिसेना. मग तिकडची माणसं बाकांवर उभी राहून ओरडायला लागली, तेव्हा कळलं. पाटणकर उभे राहिले. ऑपरेशन झालेला गुडघा धरून उभेच राहिले.

पडद्यावर हिरव्या शर्टांची सगळी माणसं केदारकडे धावत होती. केदार त्यांच्याकडे गेला नाही. तो उलटा वळला. लाल केसांचा पोरगा अजून गुडघ्यावरच होता, वर बघून बॉल गेला का ते शोधत होता. केदारने वाकून त्याला दोन्ही हातांनी उभं केलं, आणि पाठीमागून येणाऱ्या त्या दांडग्या लोकांच्या समोर, आधी त्याला पुढे केलं.

सुनीता म्हणाली, "हा कोण ग मुलगा?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "नाव विचारू त्याला."